निरुपद्रवी गाठ आणि कागदावरची नोंद : त्वचेवरील वाढींचे वैद्यकीय संकेतांकन कसे चालते

नवी दिल्ली : पाठीवरची चरबीची गाठ, गालावर उमटून हळूहळू मोठा होणारा तीळ, मानेवरच्या लोंबत्या चामखिळी. त्वचेवरील अशा बहुतेक वाढी निरुपद्रवी असतात आणि त्या काढण्याची शस्त्रक्रियाही सहसा थोडक्यात आटोपते. गुंतागुंत सुरू होते ती त्यानंतर, कागदावर. ‘सौंदर्योपचार असल्याने दावा ग्राह्य नाही’ किंवा ‘प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेला नाही’ असे उत्तर विमा कंपनीकडून येते, तेव्हा निर्णय आपल्या आजारावर झाला, अशी रुग्णाची समजूत होते. प्रत्यक्षात तो डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेल्या दोन-चार ओळींवर आणि त्या ओळींवरून निवडल्या गेलेल्या एका संकेतांकावर झालेला असतो.

आजार आणि उपचार ठरावीक अक्षर-अंकांत नोंदवण्याच्या या कामाला संकेतांकन किंवा रूढ शब्दांत मेडिकल कोडिंग म्हणतात. त्याचा पाया म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी, अर्थात आयसीडी. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली आणि भारतातील रुग्णालये आजही प्रामुख्याने तिचाच वापर करतात. आरोग्य विम्याच्या दाव्याच्या अर्जाचा जो भाग रुग्णालयाने भरायचा असतो, त्यात मुख्य निदान, अतिरिक्त निदान आणि सोबतचे आजार यांपुढे आयसीडी-१० चा संकेतांक लिहिण्यासाठी चौकटी असतात. रुग्णाची त्या चौकटींकडे क्वचितच नजर जाते. दावा तपासणारा मात्र प्रथम तेथेच पाहतो.

एक शब्द, तीन संकेतांक

मराठीतील ‘चामखीळ’ हा शब्द या विषयातील अडचण चांगली दाखवतो. विषाणूमुळे हातापायांवर येणारा खरखरीत मस, मानेवर वा काखेत लोंबणारा मऊ कातडीचा तुकडा आणि उतारवयात चेहऱ्यावर किंवा पाठीवर चिकटवल्यासारखी दिसणारी तपकिरी-काळी खपली या तिन्हींना घराघरांत चामखीळच म्हटले जाते. आयसीडी-१० मध्ये मात्र त्यांची ठिकाणे वेगळी आहेत. विषाणूजन्य मस संसर्गजन्य आजारांच्या प्रकरणात ‘बी ०७’ या संकेतांकाखाली येतो. लोंबणारी कातडी त्वचाविकारांच्या प्रकरणात ‘एल ९१.८’ खाली जाते. उतारवयातील खपलीसारख्या वाढीला सेबोऱ्हिक केराटोसिस म्हणतात आणि तिचा संकेतांक ‘एल ८२’ आहे. केसपेपरवर नुसते ‘चामखीळ काढली’ किंवा इंग्रजीतले तितकेच मोघम शब्द लिहिले, तर या तीनपैकी नेमके काय होते, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

इतर नेहमीच्या वाढींचेही असेच आहे. रंगद्रव्याच्या पेशींपासून बनलेला तीळ ‘डी २२’ मध्ये, चरबीची गाठ ‘डी १७’ मध्ये, रक्तवाहिन्यांची लाल गाठ ‘डी १८’ मध्ये, त्वचेची इतर सौम्य अर्बुदे ‘डी २३’ मध्ये, तर त्वचेखालच्या पिशवीसारख्या गाठी ‘एल ७२’ मध्ये. ‘डी’ने सुरू होणाऱ्या या संकेतांकांचे स्थान अर्बुदांच्या प्रकरणात आहे, ‘एल’ने सुरू होणाऱ्यांचे त्वचाविकारांच्या. दशांश चिन्हानंतरचा अंक बहुधा शरीराचा भाग सांगतो. तिळाच्या बाबतीत ‘डी २२.३’ म्हणजे चेहरा, ‘डी २२.५’ म्हणजे धड, ‘डी २२.७’ म्हणजे पाय. डॉक्टरांनी जागा लिहिलीच नाही, तर उरतो ‘डी २२.९’, म्हणजे जागा अनिर्दिष्ट. हा संकेतांक चुकीचा नव्हे. पण ज्या कागदावर तो असतो, त्यावर पुढचे प्रश्न हमखास विचारले जातात.

संकेतांकाची स्वतःचीही मर्यादा असते, आणि ‘एल ८२’ हे तिचे बोलके उदाहरण आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांत गालांवर व डोळ्यांभोवती बारीक काळे ठिपके येतात. त्यांना डर्मॅटोसिस पॅप्युलोजा नायग्रा म्हणतात. भारतात ते मोठ्या प्रमाणावर दिसतात आणि त्यांचा आरोग्याला कसलाही उपद्रव नसतो. त्यांची नोंद ‘एल ८२’ खाली होते. लेझर-त्रेला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्थितीत अशाच वाढी अचानक, मोठ्या संख्येने उगवतात आणि पोटातल्या एखाद्या अवयवात कर्करोग दडला असल्याचे ते लक्षण असू शकते, असे मानले जाते. हा संबंध कितपत पक्का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण तिची नोंदही ‘एल ८२’ खालीच होते. म्हणजे एकाच संकेतांकात निव्वळ दिसण्याची बाब आणि तातडीने तपास करावा अशी बाब शेजारी बसतात. त्यांतला फरक सांगू शकते ती केवळ डॉक्टरांनी शब्दांत लिहिलेली हकिगत : किती दिवसांत, किती, कोठे.

अहवालाआधीचे निदान

तीळ साधा की कर्करोगाचा, हे डोळ्यांनी पाहून नेहमीच कळत नाही. दोन बाजूंत असमानता, वेड्यावाकड्या कडा, एकाहून अधिक रंग, सहा मिलिमीटरहून मोठा व्यास आणि काळानुसार होणारा बदल ही संशयाची पाच लक्षणे त्वचारोगतज्ज्ञ पाहतात. भारतात रंगद्रव्य पेशींचा कर्करोग तुलनेने दुर्मीळ आहे. मात्र जो आढळतो, त्यात तळपायासारख्या जागांचा वाटा लक्षणीय असतो आणि तेथील काळ्या डागाकडे जखम किंवा कुरूप म्हणून दुर्लक्ष होण्याचा धोका अधिक असतो.

सौम्य आणि घातक यांतले अंतर नोंदीच्या भाषेत किती थोडे असते, हे अर्बुदांच्या पेशीरचनेच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत दिसते. तेथे साध्या रंगद्रव्यी तिळाचा अंक ८७२०/० आहे आणि कर्करोग झालेल्या मेलॅनोमाचा ८७२०/३. तिरप्या रेघेच्या आधीचे सारे एकच. रेघेनंतरचा शून्य म्हणजे सौम्य, एक म्हणजे वर्तन अनिश्चित, दोन म्हणजे मूळ जागीच मर्यादित, तीन म्हणजे घातक. भारतीय कर्करोग सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या देशातील पहिल्या लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवहीपासून पुढे १९८१ च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमापर्यंत या नोंदवह्यांचा रोख घातक अर्बुदांवर राहिला आहे. शून्याच्या जागी तीन किंवा तीनच्या जागी शून्य पडला, तर रुग्णाचे निदान तर बदलतेच. देशाच्या आकडेवारीतही एक माणूस वाढतो किंवा गळतो.

हा शेवटचा अंक ठरवण्याचा अधिकार सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा. अहवाल येण्यापूर्वी संकेतांक टाकण्याची घाई येथे नडते. शस्त्रक्रियेच्या दिवशी ‘सौम्य तीळ’ असे लिहून कागद पुढे गेले आणि आठवड्याने अहवालात वेगळेच निघाले, तर रुग्णाच्या नावे दोन परस्परविरोधी नोंदी तयार होतात. उलट, केवळ शंका आहे म्हणून कर्करोगाचा संकेतांक लावणे हे त्याहून वाईट. ती नोंद त्या माणसाच्या पुढच्या प्रत्येक विमा प्रस्तावात त्याच्या वाटेत उभी राहते.

यातला एक बारकावा अनुभवी कोडरांनाही चकवतो. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१० च्या सुधारित रूपात ‘अनिश्चित’ आणि ‘अनिर्दिष्ट’ हे दोन वेगळे संकेतांक आहेत. ऊतक तपासूनही पेशी कोणत्या दिशेने जातील, हे सांगता येत नाही, असे पॅथॉलॉजिस्टने म्हटले तरच त्वचेसाठी ‘डी ४८.५’ वापरायचा. तपास अजून व्हायचाच आहे आणि डॉक्टरांनी फक्त ‘अर्बुद’ एवढेच लिहिले आहे, तर ‘डी ४९.२’. पहिला हा तपासाचा निष्कर्ष आहे, दुसरा तपासाचा अभाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आवृत्तीत मात्र अनिश्चित आणि अज्ञात या दोहोंना एकाच गटात जागा दिली आहे. त्यामुळे भारतीय रुग्णालयाच्या कागदावरील ‘डी ४८.५’ चा अर्थ अहवाल सोबत पाहिल्याशिवाय लावता येत नाही.

येथे छोट्या दवाखान्यांतील एका प्रघाताचा उल्लेख आवश्यक आहे. कॉटरी किंवा लेझरने तीळ जाळून टाकला की तपासायला ऊतकच उरत नाही. नेहमीच्या लोंबत्या चामखिळीसाठी ते चालून जाते. रंग बदलणाऱ्या तिळाच्या बाबतीत तो जाळण्याआधी त्याचे वर्णन, छायाचित्र आणि बायोप्सी का केली नाही याचे कारण कागदावर नसणे, ही त्रुटी कोणत्याही संकेतांकाने भरून निघत नाही.

सौंदर्य की गरज

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळलेल्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील आठव्या क्रमांकाची बाब सौंदर्योपचार व प्लास्टिक शस्त्रक्रियेची आहे. रूप बदलण्यासाठी केलेला उपचार विम्यातून वगळला जातो; मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्याला अपवाद आहे. तसेच रुग्णाच्या आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचारही अपवाद ठरतो. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली असली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे प्रमाणपत्र ही येथे उपचारासोबतची औपचारिकता उरत नाही. दाव्याचा आधारच ते असते.

मग प्रमाणपत्रात काय असावे? अमेरिकेच्या ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेतही सौंदर्योपचार वगळलेले आहेत आणि सौम्य वाढी काढण्याचा खर्च कधी द्यायचा, याचे निकष तेथे लेखी स्वरूपात उपलब्ध आहेत. वाढीतून रक्त येणे, सतत खाज वा वेदना, सूज किंवा संसर्गाची चिन्हे, आकार-रंगात अलीकडे झालेला बदल, पापणीवरील वाढीमुळे दृष्टीला अडथळा, कॉलर वा पट्ट्याने वारंवार घासली जाऊन होणारी जखम, निदानाबाबत रास्त शंका यांपैकी काही असेल आणि ते रुग्णाच्या नोंदीत लिहिलेले असेल, तर उपचार आवश्यक मानला जातो. हे निकष भारतात बंधनकारक नाहीत. परंतु दाव्याची छाननी करणारा कोणताही वैद्यकीय अधिकारी मनात हेच प्रश्न घेऊन बसतो. ‘पाठीवरील वाढ, ३ महिन्यांत दुप्पट, पट्ट्याने घासून दोनदा रक्तस्राव’ ही एक ओळ आणि ‘रुग्णाच्या इच्छेने तीळ काढला’ ही दुसरी ओळ. गाठ तीच असेल, तरी निकाल वेगळे लागतात. आणि इच्छेने काढला असेल, तर तसेच लिहिले पाहिजे. दावा बसावा म्हणून रक्तस्राव कागदावर आणणे ही फसवणूक होय.

दुसरा अडसर प्रतीक्षा कालावधीचा. १ एप्रिल २०२० पासून उपलब्ध झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित विमा योजनेत शरीराच्या आतील व बाहेरील सर्व सौम्य अर्बुदे, गाठी व पॉलिप यांसाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी आहे. इतर अनेक योजनांतही अशाच तरतुदी असतात. पॉलिसी घेऊन वर्ष झालेल्या माणसाची चरबीची गाठ त्यामुळे संरक्षणाबाहेर राहते. पण गाठ कर्करोगाची असल्याचे तपासात निघाले, तर ती सौम्य अर्बुदांच्या त्या यादीत बसत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी कॅशलेस मंजुरी मागताना अहवाल हाती नसतो. म्हणूनच पूर्वमंजुरीच्या कागदावर ‘सौम्य गाठ’ असे ठामपणे लिहिणे आणि ‘गाठ, स्वरूप निश्चित करण्यासाठी काढणे आवश्यक’ असे लिहिणे यांत रुग्णाच्या दृष्टीने पुष्कळ अंतर आहे.

पूर्वेतिहासाच्या रकान्यातली एक ओळही अशीच महागात पडते. ‘गाठ ४ वर्षांपासून’ असे लिहिले की दावा आधीपासूनच्या आजाराच्या खात्यात ढकलला जाण्याची शक्यता असते. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी त्या काळात वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतला अथवा सुचवला गेला, असा आजार. रुग्णाच्या हाताला लागलेली, पण कोणाही डॉक्टरला न दाखवलेली गाठ केवळ तेवढ्याने या व्याख्येत बसत नाही. गाठ केव्हा जाणवली आणि डॉक्टरांना प्रथम केव्हा दाखवली, या दोन तारखा वेगवेगळ्या लिहिल्या गेल्या, तर हा वाद बऱ्याच अंशी टळतो. अर्थात, विमा घेताना प्रस्ताव अर्जात जे विचारले आहे, त्याचे खरे उत्तर देण्याची जबाबदारी यामुळे कमी होत नाही.

आणखी एक अट डे-केअरची. २४ तासांहून कमी वेळेत होणाऱ्या शस्त्रक्रियांना संरक्षण असले, तरी सामान्यतः बाह्यरुग्ण विभागातच होणारे उपचार त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. खुर्चीवर बसवून काढलेल्या चामखिळी म्हणूनच बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत, मग नोंद कितीही निर्दोष असो.

मिलिमीटरचा हिशेब

निदानाइतकीच शस्त्रक्रियेची नोंदही महत्त्वाची, आणि या बाबतीत सर्वांत काटेकोर पद्धत अमेरिकेतील आहे. तेथील वैद्यक संघटनेने १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली उपचारांची संकेतावली सीपीटी या नावाने चालते. ती भारतातही हजारो तरुणांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. कारण अमेरिकेतील डॉक्टरांच्या नोंदी वाचून त्यांना संकेतांक देण्याचे काम चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू, कोईमतूर, नोएडा तसेच नवी मुंबई आणि पुणे येथील कार्यालयांत चालते. जीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, भौतिकोपचार यांचे पदवीधर या कामाकडे वळतात. १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेने नवव्या आवृत्तीवरून दहाव्या आवृत्तीकडे स्थलांतर केल्यावर संकेतांकांची संख्या कितीतरी पटींनी वाढली आणि या कामाचा व्यापही.

सौम्य वाढ कापून काढली, तर संकेतांक तीन गोष्टींवर ठरतो : शरीराचा भाग, काढलेल्या भागाचा व्यास आणि वाढ सौम्य की घातक. व्यास म्हणजे वाढीचा सर्वांत मोठा व्यास अधिक दोन्ही बाजूंना सोडलेली निरोगी त्वचेची किनार. समजा, वाढ १.२ सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना ०.२ सेंटिमीटर किनार, बेरीज १.६. धडावर असेल तर संकेतांक ११४०२, चेहऱ्यावर असेल तर ११४४२. हे माप कापण्यापूर्वी घ्यायचे असते. फॉर्मलीनमध्ये ठेवलेला तुकडा आकसतो, त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालातले माप खऱ्यापेक्षा लहान येते. डॉक्टरांनी माप लिहिले नसेल, तर कोडरपुढे तेवढाच आकडा उरतो आणि केलेल्या कामाचा मोबदला खालच्या पायरीवर उतरतो.

जाळून वा गोठवून नष्ट केलेल्या वाढींचा हिशेब निराळा. मस किंवा तत्सम सौम्य वाढी एकपासून चौदापर्यंत कितीही असोत, १७११० हा संकेतांक एकदाच लागतो. पंधरा वा त्याहून अधिक असतील तर १७१११. लोंबत्या चामखिळींना मात्र स्वतंत्र संकेतांक, ११२००, आणि त्याची मर्यादा पंधरापर्यंत. येथे डॉक्टरांनी ‘अनेक’ असा शब्द वापरला की कोडरचे काम अडते. नऊ काढल्या म्हणून संकेतांक नऊ वेळा लावणे ही चूक तर नेहमीची. चरबीची गाठ त्वचेत नसून त्वचेखाली असल्याने ती या दोन्ही मालिकांबाहेर पडून मऊ ऊतकांच्या अर्बुदांत जाते. त्यासाठी किती खोलवर कापले, हे शस्त्रक्रियेच्या टिपणात असावे लागते.

कोडरला रुग्ण दिसत नाही, आणि अंदाज बांधण्याची त्याला मुभा नसते. अमेरिकी नियमांनुसार बाह्यरुग्णाच्या नोंदीतील ‘संभाव्य’, ‘संशयित’ असे निदान पक्के धरता येत नाही. त्याऐवजी लक्षण नोंदवायचे. शंका असेल तर डॉक्टरांकडे लेखी विचारणा करायची, तीही उत्तर सुचवणारी नसावी. ‘ही वाढ सुजलेली होती ना?’ असे विचारता येत नाही; ‘वाढीचे स्वरूप स्पष्ट करावे’ असे विचारावे लागते. सेबोऱ्हिक केराटोसिसच्या बाबतीत सूज असलेली वाढ ‘एल ८२.०’ आणि नसलेली ‘एल ८२.१’ असा भेद अमेरिकी आवृत्तीत आहे आणि पैसे मिळणे बहुधा त्यावरच अवलंबून असते. म्हणून या एका शब्दाबाबत नियम इतके कडक आहेत.

भारतीय दावा अर्जातही या अमेरिकी पद्धतीचा एक धागा आहे. शस्त्रक्रियेसाठी तेथे आयसीडी-१० पीसीएस या सात स्थानांच्या अमेरिकी संकेतावलीतील संकेतांक मागितला जातो. तिच्यात त्वचेचा तुकडा काढल्याच्या नोंदीत सातवे अक्षर ‘एक्स’ असेल, तर तो निदानासाठी काढला; ‘झेड’ असेल, तर तसा हेतू नव्हता. डॉक्टरांचा हेतू एका अक्षरात सांगण्याची ही सोय उपयुक्त आहे, पण टिपणात हेतू लिहिलेला असेल तरच.

रुग्णाच्या हाती काय

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचार नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जतन करणे आणि रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेचे टिपण आणि बायोप्सी अहवालाची प्रत मागून घेता येते. नावाचे शुद्धलेखन आणि शरीराची बाजू, उजवी की डावी, सर्व कागदांवर सारखी आहे ना, एवढे पाहिले तरी कितीतरी पत्रव्यवहार वाचतो. नोंदीत खरोखरच चूक असेल, तर डॉक्टरांकडून दिनांकासह लेखी दुरुस्ती घ्यावी. मूळ कागदावर खाडाखोड केली की संशय वाढतो.

दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीवर तो नाकारला, हे कंपनीने सांगायचे असते. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार असा नकार कंपनीच्या दावा आढावा समितीच्या संमतीशिवाय देता येत नाही. कंपनीकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे शुल्काशिवाय दाद मागता येते; महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

वर्गवारीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून जागतिक स्तरावर लागू झाली असून सदस्य देश आपापल्या गतीने तिच्याकडे वळत आहेत. तिच्यात सेबोऱ्हिक केराटोसिस त्वचाविकारांच्या प्रकरणातून उठून अर्बुदांच्या प्रकरणात गेले आहे. वैद्यकीयदृष्ट्या ही मांडणी अधिक योग्य आहे. पण सौम्य अर्बुदांना प्रतीक्षा कालावधी लावणाऱ्या पॉलिसींच्या भाषेत उतारवयातील त्या तपकिरी खपल्यांना आता अर्बुद म्हणायचे का, हा प्रश्न त्यातून उभा राहणार आहे. दरम्यान, डॉक्टरांच्या मूळ शब्दांनाच संगणकीय ओळख देणाऱ्या स्नोमेड सीटी या शब्दावलीचा भारत २०१४ पासून सदस्य आहे आणि पुण्यातील सी-डॅकमध्ये असलेले इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र ती देशातील वापरकर्त्यांना विनामूल्य उपलब्ध करून देते. त्या शब्दावलीत विषाणूजन्य मस, लोंबती चामखीळ आणि सेबोऱ्हिक केराटोसिस यांच्या ओळखी स्वतंत्र आहेत.